राजाच्या पदकाला नकार

गेरब्रांट तेर्पस्त्राचं राजाशी तसं वैयक्तिक वाकडं नव्हतं. राजानं कधी त्याची सायकल चोरली नव्हती, की आपल्या झाडाच्या फांद्या त्याच्या कुंपणात घुसवल्या नव्हत्या. हे दुसरं काम शेजारच्या वोब्बेनं केलं होतं, आणि तरी वोब्बेशी त्याचं उत्तम चाललं होतं. गेरब्रांटचं म्हणणं इतकंच, की नेदरलंडसारख्या शहाण्यासुरत्या देशात आपल्या डोक्यावर कोणाला बसवायचं हे माणसानं स्वतः ठरवावं. पाळण्यात ठरलेलं लग्न आता कोणी मानत नाही, मग पाळण्यात ठरलेला राजा का म्हणून मानायचा?

हे बोलायचा आपल्याला अधिकार आहे, असं त्याला वाटे. उभं आयुष्य त्यानं जलमंडळाचा सचिव म्हणून काढलं होतं. बांध कुठे उंच करायचा, पंप कधी सोडायचे, चर कोणी उपसायचे, हे ठरवणारं आमच्याकडचं मंडळ निवडणुकीनं येतं, आणि ही पद्धत राजघराण्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. "समुद्र अडवायला आपण माणसं निवडून देतो," गेरब्रांट म्हणायचा, "आणि फिती कापायला मात्र वंशपरंपरेनं आलेला माणूस लागतो!" हे वाक्य त्यानं इतक्यांदा म्हटलं होतं, की ते सुरू झालं रे झालं की त्याची बायको आलेइडा बिस्किटांचा डबा उघडायची. आमच्याकडे कॉफीबरोबर एक बिस्किट देतात आणि डब्याचं झाकण लगेच लावून टाकतात. गेरब्रांटचं तोंड बंद करायला मात्र ती दुसरं द्यायची. दुसऱ्या बिस्किटाचा मान सबंध गल्लीत त्याला एकट्यालाच होता.

वोब्बे हा निवृत्त खाटीक. राजाच्या वाढदिवसाला याच्या घरावर झेंडा, झेंड्याच्या डोक्यावर नारिंगी पताका, दारात नारिंगी फुलं आणि डोक्यावर नारिंगी टोपी. गेरब्रांट त्या दिवशी झेंडा लावायचा, पण राजघराण्याच्या रंगाची ती पताका नाही. देश माझा, घराणं त्यांचं, असा त्याचा हिशेब.

"बरं, काढला राजा," वोब्बे कुंपणावर कोपर टेकून म्हणायचा. "मग अध्यक्ष कोण? एक नाव सांग."

गेरब्रांट एका माजी मंत्र्याचं नाव सांगायचा.

"तो? त्याला मी माझ्या दुकानात सुरी धरू दिली नसती!"

गेरब्रांट दुसरं नाव सांगायचा.

"ती? अरे, ती बोलायला लागली की दूध नासतं!"

"नासू दे! चार वर्षांनी काढता येते ना!"

"आणि पुन्हा तसलीच आणता येते. राजा कोणाकडे मत मागत नाही, म्हणून त्याला आपण शिव्या देत नाही. देशात शिव्या न खाणारा एक तरी माणूस असू दे की, लेका!"

समोरच्या घरातल्या फोकेलीनबाईंना या वादात एवढाच रस, की राजघराण्यातल्या बायकांच्या टोप्या त्यांना बघायला आवडत. अध्यक्षाची बायको टोपी घालेलच याची गेरब्रांट हमी देऊ शकत नव्हता, त्यामुळे त्यांचं मत त्याच्या हातून कायमचं गेलं होतं. आलेइडा तर कोणत्याच बाजूची नव्हती. "राजा असो नाहीतर अध्यक्ष, बुधवारी माझा वर्ग आहे," एवढंच ती म्हणायची.

हा वर्ग सायकलचा. दूरदेशांतून आमच्या गावात येऊन राहिलेल्या बायकांना आलेइडा दर बुधवारी दुपारी गावातल्या मोठ्या दुकानामागच्या मोकळ्या वाहनतळावर सायकल चालवायला शिकवायची. सायकल येत नाही म्हणजे आमच्याकडे माणूस पांगळाच. दवाखाना नाही, बाजार नाही, मुलांची शाळा नाही. कित्येक वर्षं पावसापाण्यात ती सायकलच्या मागे धरून धावत आली होती. आणि त्या सगळ्या जुनाट सायकली दुरुस्त कोण करायचं? गेरब्रांट. मागच्या शेडमध्ये कपाळाला वंगण फासून, कुरकुर करत, पण करायचा.

तर अशा या सुखी माणसाला एप्रिलच्या सुरुवातीला शंका आली.

शंकेचं कारण आमचा एक रिवाज. राजाच्या वाढदिवसाच्या आधी देशभर, गावोगावच्या भल्या माणसांना राजाच्या नावानं पदकं देतात. ज्याला मिळणार त्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळू द्यायचं नाही. घरचे, शेजारचे, सगळे मिळून त्याला यथेच्छ थापा मारतात आणि कसल्यातरी निमित्तानं नगरपालिकेत नेऊन उभा करतात. तिथे गळ्यात साखळी घातलेले महापौर वाटच बघत असतात. बिचारा चहाला म्हणून आलेला असतो आणि पदक लावून, डोळे पुसत घरी जातो. या रिवाजाची गंमत अशी, की एप्रिल महिन्यात आमच्याकडे कोणी कोणाशी कुजबुजलं की अख्ख्या गावाचे कान टवकारतात. आणि 'छे छे, तसं काही नाही' असं कोणी म्हणालं की तसं आहेच, हे पक्कं.

पहिल्यांदा वोब्बे आणि फोकेलीनबाई कोपऱ्यावर बोलत उभे होते, ते गेरब्रांटला बघून एकदम हवामानावर आले. मग फोकेलीनबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "का हो तेर्पस्त्रा, ती सायकलींची भानगड नक्की कोणत्या साली सुरू झाली?" सहज! ज्या बाईनं जन्मात टोप्यांपलीकडे काही विचारलं नव्हतं, तिला सायकलींचा इतिहास हवा झाला होता. त्यानंतर दूरच्या उट्रेख्टहून मुलीचा, योरिकेचा फोन आला.

"बाबा, पुढच्या शुक्रवारी सकाळी नगरपालिकेत स्वयंसेवकांचा चहा आहे. तू आईबरोबर जा हं. नक्की जा. आणि तो काळा कोट घाल."

"तो कोट मी अंत्ययात्रेला घालतो."

"मग अंत्ययात्रेला जातोय असं समज. आणि बाबा, तिथे राजाबद्दल काही बोलू नकोस."

"चहात राजा कुठून आला?"

"आलाच नाही! तेच म्हणतेय मी. फोन ठेवते, बाळ रडतंय."

बाळ सात वर्षांचं होतं. गेरब्रांटनं फोन ठेवला आणि तो खुर्चीत बसला. सायकली. काळा कोट. शुक्रवार, आणि शनिवारी राजाचा वाढदिवस. म्हणजे त्याच्या दुरुस्त केलेल्या सायकलींबद्दल राजा त्याला पदक देणार होता. त्याला! या गावात प्रजासत्ताकाचं नाव काढणारा जो एकुलता एक माणूस, त्यालाच!

"गोड बोलून तोंड बंद करायचा डाव आहे हा," तो स्वतःशी म्हणाला. पण खोटं कशाला सांगा, हे म्हणताना त्यानं भिंतीवरच्या आरशात एकदा बघितलं, आणि कोटाच्या डाव्या छातीवर पदक कसं दिसलं असतं याचा अंदाज घेतला. वाईट दिसलं नसतं. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि त्यानं ठरवलं, की नकार द्यायचा. भर सभेत, ताठ मानेनं, गाव जन्मभर आठवण काढील असा नकार.

आलेइडाला त्यानं आडून विचारून पाहिलं. "हा शुक्रवारचा चहा काय आहे?"

"चहा आहे," आलेइडा कपडे वाळत घालता घालता म्हणाली. "आणि म्हणे केक पण."

चाळीस वर्षांच्या संसारात या बाईला एक धड थाप मारता आली नव्हती, आणि आज चेहऱ्यावर रेघ न हलवता कशी बोलतेय, बघा! गेरब्रांटला तिचं कौतुकच वाटलं.

सचिवपदावर काढलेलं आयुष्य असं वाया जात नाही. कोणतीही गोष्ट रीतसर करावी, या सवयीनं तो दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत गेला. दारातच यंत्र. काय काम आहे त्याचं बटण दाबायचं आणि क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची. पासपोर्ट, वाहन परवाना, जन्म, विवाह, मृत्यू, कुत्रा. 'राजाला नकार' असं बटण नव्हतं. त्यानं बराच विचार करून 'इतर' दाबलं. यंत्रानंही बराच विचार केला आणि त्याला मृत्यूच्या खिडकीवर पाठवलं.

"आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," खिडकीतली तरुणी हळुवार आवाजात म्हणाली.

"कोणी गेलेलं नाही. मला राजाचं पदक नाकारायचं आहे."

"मिळालंय का तुम्हाला?"

"शुक्रवारी मिळणार आहे."

"कोणी सांगितलं?"

"कोणीच सांगत नाही, म्हणून तर खात्री आहे."

तरुणीनं त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "साहेब, जे दिलंच नाही ते परत कसं घेणार? आधी घ्या, मग काय ते अर्जानं कळवा."

"मग यादीत माझं नाव आहे का, तेवढं बघा."

"यादी गोपनीय असते."

"नाव नसतं तर सरळ नाही म्हणाल्या असतात!"

"नसतं तरी गोपनीयच म्हणाले असते."

"हेच!" गेरब्रांट उठत म्हणाला. "निवडून दिलेल्या माणसाच्या कारभारात असं चाललं नसतं!" आणि आमचे महापौरही राजाच्याच सहीनं नेमले जातात, निवडून येत नाहीत, ही बाब त्यानं जाता जाता त्या मुलीच्या पदरात टाकली. तिनं मान डोलावून पुढच्या शोकाकुल माणसाचा क्रमांक पुकारला.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं तुम्ही म्हणाल. पण न मिळालेल्या पदकाचा नकार हेही काही हलकं काम नसतं. गेरब्रांटनं जिल्ह्याच्या प्रजासत्ताक मंडळाला कळवून टाकलं. मंडळ म्हणजे नायहोल्ट नावाचे एक उंच, दुःखी गृहस्थ आणि त्यांचे मेहुणे. "आम्ही फलक घेऊन येतो," नायहोल्ट फोनवर हुंदका आवरत म्हणाले. "साहेब, या दिवसाची मंडळ किती वर्षं वाट बघतंय! आत्तापर्यंत आमच्यापैकी कोणाला त्यांनी नाकारण्यासारखं काही दिलंच नव्हतं!" आता माघार घ्यायची तर मंडळाच्या दोन्ही सभासदांचा विश्वासघात झाला असता.

राहिलं भाषण. ते शेडमध्येच करायला हवं होतं, कारण घरात आलेइडा होती. दारं लावून, ओळीनं उभ्या असलेल्या सायकलींसमोर गेरब्रांट रोज तालीम करू लागला. त्याचा आवाज जलमंडळाच्या सभांमध्ये पंपांच्या घरघरीवर मात करून कमावलेला. शेडच्या फळ्या त्याला काय अडवणार?

"इतकी वर्षं मी गप्प बसलो!" शेडमधून आवाज आला. हे खरं नव्हतं, पण भाषणात शोभत होतं. "आता नाही! हे नातं मी कधीच मनापासून मानलं नाही! मी स्वतंत्र माणूस आहे, आणि यापुढे मान तुकवणार नाही!"

नेमक्या त्याच वेळी फोकेलीनबाई आलेइडाला रिकामं भांडं परत करायला मागच्या दारी आल्या होत्या. भांडं हातात तसंच धरून त्या उलट पावली घरी गेल्या. तासाभरानं त्या परत आल्या, तेव्हा त्या भांड्यात सफरचंदाचा केक होता आणि बाईंचे डोळे लाल होते. त्यांनी आलेइडाला पोटाशी धरलं. "काही लागलं तर मी समोरच आहे," एवढंच बोलून गेल्या. आलेइडाला काही उलगडा झाला नाही, पण केक चांगला होता.

संध्याकाळी वोब्बे कुंपणापाशी आला. टोपी हातात.

"गेरब्रांट, फोकेलीन म्हणते ते खरं?"

"तिला कसं कळलं?"

"शेडमधून ऐकलं तिनं. अरे, या वयात?"

"तत्त्वाला वय नसतं, वोब्बे."

"कसलं बोडक्याचं तत्त्व! चाळीस वर्षं झाली!"

"चाळीस वर्षं मी हेच सांगत आलोय. तुम्ही कोणी मनावर घेतलं नाहीत."

वोब्बेनं टोपी कुंपणावर ठेवली. "आणि आलेइडा? तिला कल्पना आहे?"

"तिला शुक्रवारी कळेल. नगरपालिकेत, सगळ्यांसमोर सांगणार आहे."

"सगळ्यांसमोर!" जन्मभर बैल सोलत आलेला तो माणूस पांढराफटक पडला. "गेरब्रांट, तुझ्या पाया पडतो. शुक्रवार तेवढा जाऊ दे. शनिवारी तुला काय तोडायचंय ते तोड."

"का? शुक्रवारी एवढं काय आहे?"

"कुठे काय! चहा! चहा आहे शुक्रवारी!" वोब्बे ओरडला आणि पळाला. टोपी कुंपणावरच राहिली.

झालं. आता संशयाला जागाच उरली नाही. गेरब्रांटनं समाधानानं शेडची कडी लावली.

फक्त एक काटा सलत होता, आणि तो गुरुवारी दुपारी जास्तच रुतला. आलेइडा स्वयंपाकघरात आपला निळा पोशाख इस्त्री करत होती. योरिकेच्या लग्नानंतर तो कपाटातून निघाला नव्हता. इस्त्री फिरवता फिरवता ती गुणगुणत होती. उद्या ही पहिल्या रांगेत बसणार, नवऱ्याचा सन्मान बघायला. आणि नवरा उठून सगळ्या गावासमोर तो झुगारणार. सगळं गाव नवऱ्याकडे बघणार नाही, तिच्याकडे बघणार.

"आलेइडा," तो म्हणाला, "समजा, उद्या मी काही बोललो..."

"तू बोलणारच," ती म्हणाली. "तू कुठे बोलत नाहीस? तुझा शर्ट दे इकडे, तोही करून टाकते."

त्याला त्या क्षणी सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर नकारातलं नाट्य गेलं असतं, आणि नायहोल्टनी फलकाला नवीन कापड आणलं होतं. त्यानं मुकाट्यानं शर्ट दिला.

शुक्रवारी नगरपालिकेचं सभागृह फुलून गेलं होतं. स्वयंसेवकांच्या चहाला स्वयंसेवकांपेक्षा नातेवाईकच जास्त, आणि जो तो दुसऱ्याला "तू इथे कसा?" असं विचारत होता. योरिके नवऱ्यामुलासकट आली होती. "सहज जवळून चाललो होतो," म्हणाली. उट्रेख्टहून! वोब्बे आणि फोकेलीनबाई अंत्ययात्रेला आल्यासारखे चेहरे करून दुसऱ्या रांगेत बसले होते. मागे भिंतीशी नायहोल्ट आणि मेहुणे, गुंडाळलेला फलक काखेत. त्यांच्या शेजारी बायकांचा एक मोठा घोळका दाटीवाटीनं उभा होता, आणि त्यांतल्या हनादीनं आलेइडाला लांबून हात केला. हनादी सीरियाहून आलेली. सायकल शिकताना ती दोनदा कालव्यात पडली होती आणि आता गावात घरोघर टपाल वाटायची.

"या सगळ्या चहाला?" आलेइडा आश्चर्यानं म्हणाली. "बोलल्या नाहीत मला."

काय अभिनय करते, गेरब्रांटला वाटलं.

महापौरबाई साखळी सावरत उभ्या राहिल्या. आधी अग्निशामक दलातल्या एका म्हाताऱ्याला पदक मिळालं. तो इतका रडला, की त्याच्याच तुकडीला त्याला आवरावं लागलं. मग फुटबॉलच्या मैदानावर जन्मभर पांढऱ्या रेघा मारणाऱ्या एका गृहस्थाला मिळालं. दर खेपेला महापौरबाई म्हणत, "महाराजांना आनंद होत आहे की..." आणि दर खेपेला गेरब्रांटच्या मनात येई, त्याला आनंद होतोय तर त्यानं तो आपल्यापाशी ठेवावा. भाषण ओठांवर आलं होतं.

"आणि आता," महापौरबाई म्हणाल्या, "अशी एक व्यक्ती, जी कधी पुढे पुढे करत नाही. या गावातल्या सायकली..."

गेरब्रांट उभा राहिला.

सभांमधून त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की हरकत ठराव पुरता मांडला जाण्याआधी घ्यावी. "महापौरबाई, क्षमा करा," पंपांवर मात करणारा तो आवाज सभागृहात घुमला. "हा सन्मान मी स्वीकारू शकत नाही!"

मागे नायहोल्टनी फलक उलगडायला घेतला. फोकेलीनबाईंच्या तोंडातून बारीक किंकाळी निघाली. महापौरबाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग गेरब्रांटकडे, मग पुन्हा कागदाकडे.

"तेर्पस्त्रा साहेब," त्या अतिशय सभ्यपणे म्हणाल्या, "तो तुम्हाला दिलेलाच नाही."

कोणाच्या तरी बशीतला चमचा घसरला, तो सगळ्या सभागृहाला ऐकू आला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणूस म्हणतो. आमच्या जमिनीखाली तर लगेच पाणी लागतं. गेरब्रांटला तेही चाललं असतं.

"या गावातल्या सायकली," महापौरबाईंनी वाक्य जिथे तुटलं होतं तिथून उचललं, "आज ज्या असंख्य बायका चालवतात, त्यांना त्या शिकवणाऱ्या आलेइडा तेर्पस्त्रा यांना पदक देताना महाराजांना आनंद होत आहे."

आलेइडानं दोन्ही हात तोंडावर नेले. मागचा घोळका चीत्कारला, हनादीनं तर शिट्टी वाजवली. पण आलेइडा उठली नाही. तिनं मान वर करून शेजारी खांबासारख्या उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. ती थाप मारत नव्हती. तिला खरोखरच काही माहीत नव्हतं. चहा आहे असं सांगितलं, तो चहाच आहे असं समजून ती आली होती, निळा पोशाख घालून.

"गेरब्रांट," ती हळूच म्हणाली, "तुला इतकं खुपत असेल, तर नाही घेत मी."

हळूच म्हणाली, पण पहिल्या रांगेसमोर माइक होता. सगळ्या गावानं ऐकलं.

आता काय करायचं? बसावं, तर चाळीस वर्षांचं तत्त्व बुडालं आणि वर हसं. उभं राहावं, तर आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आलेइडाचं नाव मोठ्यानं घेतलं होतं, आणि तिच्या हातातून ते हिसकावणारा नवरा आपण. ती खरंच नाही घेणार, हे त्याला कळलं. त्याच्या एका शब्दावर ती ते परत करील, घरी जाईल, कॉफी करील आणि पुन्हा त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. आणि ते त्याला मरेपर्यंत सोसवणार नाही.

अशा वेळी माणसाच्या मदतीला त्याचं जन्मभराचं काम धावून येतं. गेरब्रांटनं कोटाची खालची कडा खाली ओढली आणि घसा साफ केला.

"महापौरबाई, सभेच्या कामकाजाबद्दल एक मुद्दा आहे."

"ही सभा नाही, साहेब," महापौरबाई म्हणाल्या.

"एवढी माणसं जमली की सभाच असते. महाराजांना आनंद झाला, असं आपण म्हणालात. माझी त्यांच्या आनंदाबद्दल तक्रार नाही. पण त्यांना आम्ही निवडून दिलेलं नाही. आपल्यालाही नाही. रागावू नका, आपण काम चांगलं करता. माझा प्रश्न एवढाच, की हे पदक माझ्या बायकोला द्या, असं आधी म्हणालं कोण?"

दुसऱ्या रांगेतून फोकेलीनबाईंचा हात भीत भीत वर गेला. "मी. पत्र मी लिहिलं."

"मी पण," वोब्बे म्हणाला.

"मी तर सगळ्यांना लिहायला लावलं, बाबा," योरिके म्हणाली.

"आम्ही सगळ्या!" हनादी मागून ओरडली. "सगळ्यांनी सही केली! ज्यांना सही येत नव्हती, त्या सही शिकल्या!"

"उत्तम," गेरब्रांट म्हणाला. आवाज थोडा चिरकला, तो त्यानं खोकून झाकला. "मग हे रीतसर होऊ दे. ठराव असा, की हे पदक आलेइडा तेर्पस्त्रांना देण्यात यावं. बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

सगळं सभागृह हात वर करून उभं राहिलं. रेघा मारणाऱ्या गृहस्थानं केला, रडणाऱ्या अग्निशामकानं दोन्ही केले. महापौरबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आपलाही केला. नायहोल्टच्या मेहुण्यांनी हात वर केला, तेव्हा फलकाची त्यांच्याकडची काठी सुटली आणि प्रजासत्ताक जमिनीवर आलं. नायहोल्टनी एक सुस्कारा सोडून दुसरीही काठी ठेवली आणि हात वर केला.

"विरोधात?"

कोणी नाही.

"तटस्थ?"

"मी," आलेइडानं रडत रडत हात वर केला. "स्वतःबद्दल मत देणं बरं दिसत नाही."

"एका तटस्थ मतासह ठराव मंजूर," गेरब्रांट म्हणाला. "आता लावा, महापौरबाई." आणि तो खाली बसला, कारण पायांनी आणखी उभं राहायला साफ नकार दिला होता. त्या दिवशी झालेला नकार म्हणाल तर तेवढाच.

टाळ्या सरल्यावर वोब्बे गर्दीतून वाट काढत आला आणि त्यानं गेरब्रांटचे दोन्ही खांदे धरले. "म्हणजे घटस्फोट नाही?"

"कोणाचा घटस्फोट?"

वोब्बेनं कपाळाला हात मारला, फोकेलीनबाईंकडे एक जळजळीत नजर टाकली आणि केकचे दोन तुकडे एकदम तोंडात घातले.

"पण मला का नाही सांगितलंत?" गेरब्रांटनं योरिकेला विचारलं. मन जरा दुखावलंच होतं.

"बाबा, तुला सोमवारी सांगितलं असतं तर मंगळवारी नगरपालिकेच्या खिडकीवर जाऊन बोंब मारली असतीस."

गेरब्रांटनं हा विषय तिथेच सोडला.

शनिवारी राजाचा वाढदिवस ऊन घेऊन उजाडला. गल्लीत पोरं सतरंज्या पसरून मोडकी खेळणी विकत बसली होती, वोब्बे नारिंगी टोपी घालून मिरवत होता, आणि गेरब्रांटच्या घरावर झेंडा होता, पताका नव्हती. आलेइडा पायरीवर बसली होती, साध्या जुन्या स्वेटरवर पदक लावून. जाणारी येणारी प्रत्येक बाई सायकलची घंटी वाजवून जात होती. गेरब्रांट दोन कप कॉफी घेऊन बाहेर आला आणि तिच्या शेजारी टेकला.

"छान दिसतं," तो नाखुशीनं म्हणाला.

"महापौरबाई म्हणाल्या, हे उसनं असतं. मी गेले की परत करायचं. योरिकेला नाही मिळणार."

गेरब्रांट ताठ बसला. इतक्या वर्षांत इतका सुरेख मुद्दा त्याच्या हाती लागला नव्हता. "बघितलंस! त्याचं सिंहासन जाणार त्याच्या मुलीला, आणि तुझं पदक तुझ्या मुलीला नाही! आता बोल! हा न्याय आहे?"

आलेइडानं कॉफीचा घोट घेतला आणि स्वेटरवरचं पदक बोटानं सरळ केलं.

"आहे की," ती म्हणाली. "वारशानं आलेलं नाही आणि वारशानं जायचं नाही. वर हात करून, मोजून मिळालंय. या सबंध राज्यात एवढी एक वस्तू प्रजासत्ताक आहे, गेरब्रांट, आणि ती आपल्याकडे आहे."

गेरब्रांटनं तोंड उघडलं. मग मिटलं. बिस्किटांचा डबा दोघांच्या मध्ये पायरीवर होता. आलेइडाला आज त्याला दुसरं बिस्किट द्यायची गरजच पडली नाही, तरी तिनं दिलं.